‘तुमच्यासारखे’ म्हणजे कोणासारखे?

अमेरिकेतील निवडणूकविषयक सर्वेक्षणांत १९५२ पासून एक विधान लोकांपुढे ठेवले जाते: ‘सरकारच्या कारभारात माझ्यासारख्यांचे काही चालत नाही.’ आमच्या प्रश्नावलीतही त्याच वळणाचा एक जुना प्रश्न आहे, ‘तुमच्यासारख्या लोकांची बाजू संसदेत कोणी मांडते का?’ नव्या फेरीपूर्वी तो लोकांना नेमका कसा समजतो, हे मुलाखती घेऊन तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते.

त्या दिवशीची चौथी मुलाखत एका निवृत्त कृष्णवर्णीय बसचालक बाईंची होती. प्रश्न ऐकताच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “माझ्यासारखी म्हणजे काळी, की बाई?” उत्तर सुचवायचे नाही हा आमचा नियम, म्हणून मी गप्प राहिले. त्यांचा प्रतिनिधी कृष्णवर्णीय पुरुष होता. पोलीस गाड्या अडवतात त्याबद्दल तो बोलू लागला की आपले मुलगे डोळ्यांसमोर येतात, असे त्या म्हणाल्या. गोऱ्या महिला सिनेटरचे समान वेतनाबद्दलचे बोलणेही त्यांना पटत होते. पण त्यांची मुलगी बाळंतपणात मरता मरता वाचली होती, दुखते आहे असे तीनदा सांगूनही तिच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते, आणि त्याविषयी या दोघांपैकी एकानेही अवाक्षर काढलेले त्यांनी ऐकले नव्हते. अमेरिकेत बाळंतपणाशी निगडित मृत्यूंचे प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांत गोऱ्या स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहे, हे मला ठाऊक होते. प्रतिनिधित्वाच्या प्रश्नाशी मी ते कधी जोडले नव्हते. वंश आणि लिंग एकमेकांत कसे गुंततात, यावर कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये लिहिले, आणि ते वाचलेल्या आम्ही मंडळींनी चौकटी मात्र दोनच ठेवल्या होत्या, वेगवेगळ्या.

“१९७२ साली शर्ली चिशम ही काळी बाई अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभी होती, तेव्हा आई तिच्यासाठी दारोदार फिरली. वडील म्हणायचे, आधी आपला एखादा पुरुष तरी तिथे पोचू दे.”

शेवटी त्यांनी ‘काही प्रमाणात’ हा पर्याय निवडला. “समोर गोरी मुलगी असती तर ‘हो’ म्हणून मोकळी झाले असते,” हेही सांगून टाकले. विचारणाऱ्याच्या रंगाप्रमाणे उत्तर बदलते, हे आमच्या कामात जुनेच ज्ञान. तोंडावर मात्र मी ते प्रथमच ऐकले.

प्रश्नाचे शब्द बदलावेत, ही माझी शिफारस फेटाळली गेली, कारण मग मागील फेऱ्यांशी तुलना करता आली नसती. कारण रास्त होते, आणि तरीही मी चिडले. त्या संध्याकाळी अर्जाच्या तळाशी असलेला, मुलाखतकाराविषयीचा भाग भरायचा राहिला होता: वंशासाठी एक चौकट, लिंगासाठी दुसरी.