विजापूर एका दिवसात उरकू नका (बेळगावहून जाणाऱ्यांसाठी)

बेळगावातल्या निम्म्या लोकांनी विजापूर बघितलंय ते शाळेच्या सहलीत, म्हणजे मध्यरात्री शाळेच्या मैदानात जमायचं, गाडीत अर्धी पोरं ओकणार, सकाळी गोलघुमटात शिरून घसा बसेपर्यंत बोंबलायचं, मग तोफेवर चढून फोटो आणि परत. नंतर मोठेपणी विषय निघाला की "बघितलंय की आम्ही विजापूर, एक घुमट आहे आणि काय" असं म्हणायला मोकळे. मी पण त्यातलाच. यावेळी दिवाळीनंतर आई, आत्या, बायको आणि पोरं असं सगळं लटांबर घेऊन मुक्कामाला गेलो आणि जाण्याआधी कुठं काय कधी बघायचं ते नीट मांडून गेलो, त्यामुळं लिहायलोय. अजून चारजणांनी विचारलंय, सगळ्यांना वेगवेगळं फोनवर सांगण्यापेक्षा हे बरं.

मेन मुद्दा आधीच सांगतो. विजापूर ही आदिलशाहीची राजधानी, 1490 च्या सुमारास सुरू झालेली आणि 1686 ला औरंगजेबानं घेईपर्यंत चाललेली, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं. एवढ्या वर्षांचं गाव एका घुमटात मावत नाही. घुमट, मशीद, दरबार, तट, तोफा, पाणी हे सगळं वेगवेगळ्या टोकांना पसरलंय आणि मधे आत्ताचं गाव, बाजार, रिक्षा, उसाचा रस. एक मुक्काम धरा. संध्याकाळी एक टोक, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं टोक, आणि मधलं ऊन असेल तेव्हा जेवण आणि झोप. एवढं केलं तरी अर्धं काम झालं.

रस्ता म्हणाल तर आपल्याकडून यरगट्टी, लोकापूर, मुधोळ, जमखंडी करत साधारण दोनशे किलोमीटर, कारनं चहापाण्यासकट साडेचार-पाच तास धरा. निपाणी-चिकोडीकडच्या लोकांनी अथणीवरून यावं, त्यांना ते सरळ पडतं आणि जाता-येता अथणीत चपला बघता येतात, कोल्हापुरी म्हणून ज्या विकतात त्यातल्या कितीतरी तिथं बनतात. बस बेळगाव स्टँडवरून मिळते, पाटी कन्नडमध्ये 'विजयपुर' अशी असते, 2014 ला सरकारी नाव ते झालं. ऑनलाइन लॉज बघताना मात्र जिल्हा बघून घ्या, बेंगळूरजवळ देवनहळ्ळीकडं पण एक विजयपुर आहे आणि सर्चमध्ये दोन्ही एकत्र येतात. रेल्वेचा नाद सोडा, आपली लाइन मिरज-लोंढा आणि विजापूर गदग-होटगी लाइनवर, उगीच हुबळी-गदगचा वळसा कशाला.

खरं एक गोष्ट ध्यानात ठेवा. साखर कारखाने सुरू झाले की मुधोळ-जमखंडी पट्ट्यात रात्रीचं ड्रायव्हिंग करू नका. डबल ट्रॉलीचे उसाचे ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि वर टेपवर गाणी फुल्ल. आम्ही सकाळी सातला निघालो आणि उन्हं चढायच्या आत जमखंडी मागं टाकली. तिथून पुढं कृष्णा लागते. चिक्कपडसलगीचा बंधारा शेतकऱ्यांनी स्वतः वर्गणी आणि श्रमदान करून 1989 ला बांधला, सरकारची वाट बघत बसले नाहीत. पोरांना गाडीतच सांगितलं, त्यांना चिप्समध्ये जास्त इंटरेस्ट.

पोचल्यावर जेवण आणि विश्रांती. लॉज गांधी चौक आणि स्टेशन रोडच्या बाजूला बरेच आहेत, सरकारी मयूरा आदिलशाही पण आहे. संक्रांतीच्या वेळी जाणार असाल तर आधी बुकिंग करा, तेव्हा सिद्धेश्वराची जत्रा असते आणि गाव भरून जातं. जेवायला साधी लिंगायत खानावळ शोधा, एसी हॉटेलात पनीर खायला एवढ्या लांब कशाला यायचं. जोंधळ्याची भाकरी (कडक पण मिळते, मऊ पण, मागा तशी), भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, घट्ट दही, कांदा. आमच्या आत्यानं वांग्याचा रस्सा तीनदा मागितला, वाढणारी अक्का काही न बोलता भांडंच टेबलावर ठेवून गेली.

पहिल्या दिवशी चारनंतर इब्राहिम रोजा. हे गावाच्या पश्चिमेला तटाबाहेर आहे आणि संध्याकाळीच बघायचं, याला कारण आहे. एका चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, पश्चिमेला मशीद आणि पूर्वेला कबरीची इमारत, मधे हौद. ऊन कलायला लागलं की ते थेट मशिदीच्या बाजूनं कबरीच्या इमारतीवर पडतं आणि दगडाचं कोरीवकाम एकदम उठून दिसतं. दुपारी बाराला गेलात तर सगळं सपाट दिसणार. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं हे मुळात बायकोसाठी, ताज सुलतानासाठी बांधायला घेतलं, आणि 1627 ला तोच आधी गेला, आता दोघंही तिथंच आहेत. बांधणारा मलिक संदल. घुमटापेक्षा मला हेच जास्त आवडलं, सरळ सांगतो. खिडक्यांच्या दगडी जाळ्या जवळून बघा, त्या नुसत्या नक्षीच्या नाहीत, अक्षरं कोरून जाळी केलीय, म्हणजे अक्षरांच्या मधल्या जागेतून उजेड आत येतो. आई तिथं बराच वेळ उभी राहिली, बोटानं एकेक वळण धरत, आणि मग म्हणाली की एवढं कोरायला कुठल्या छिन्न्या असतील रे.

हा इब्राहिम म्हणजे वेगळाच माणूस. गाण्याचा नादी, दख्खनीत 'किताब-ए-नवरस' लिहिली त्यात सरस्वतीला आणि गणपतीला नमन आहे, लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. 1599 मध्ये त्यानं पश्चिमेला तोरवीकडं नवरसपूर नावाचं नवं शहरच वसवायला घेतलं, ते 1624 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीच्या मलिक अंबरनं उद्ध्वस्त केलं. तिकडं आता पडके संगीत महाल वगैरे आहेत, हौशी असाल आणि गाडी असेल तर जा, नाहीतर सोडा.

रोजावरून परत येताना ताज बावडी, म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर, वाटेतच आहे, दहा मिनिटं थांबा. ही पण त्याच ताज सुलतानाच्या नावानं, 1620 ची. खाली उतरून बसायची जागा नाही, वरून बघायची, खरं बघायची. या गावात नदी नाही. एवढ्या मोठ्या राजधानीला पाणी कुठलं, असा प्रश्न मला तरी आधी कधी पडला नव्हता. तोरवीकडून आणि नंतर बेगम तलावातून जमिनीखालून नळ आणलेत, आणि मधेमधे गावात उंच चौकोनी दगडी मनोरे दिसतात त्यांना गंज म्हणतात, ते पाण्याचा दाब सांभाळायला. बाजारात एक भाजीवाल्याच्या मागंच उभा आहे, कुणाचं लक्ष नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं. इथं आळस केला की संपलं. गोलघुमट सकाळी उघडतो तेव्हाच दारात पाहिजे, कारण नऊ-साडेनऊनंतर सहलींच्या बस लागतात आणि मग वर जो गोंगाट सुरू होतो त्यात स्वतःचा आवाज पण ऐकू येत नाही. तिकीट फार नाही, फोनवरून काढलं तर थोडं स्वस्त पडतं, पंधरा वर्षांखालच्या पोरांना लागत नाही. आत शिरल्यावर आधी वर पळू नका. खाली मधोमध उभं राहून वर बघा. अठरा हजार चौरस फुटांचा हॉल आणि मधे एक खांब नाही. चौकोनी भिंतींवर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचं काय करायचं, तर एकमेकींत अडकवलेल्या कमानी घेतल्यात, त्या आत झुकत झुकत येतात आणि घुमटाचं वजन पेलतात. बाहेरून घुमटाचा व्यास 44 मीटर. मुहम्मद आदिलशहाची ही कबर, तो 1656 ला गेला. बांधणारा याकूत दाभोळचा असं सांगतात, म्हणजे आपल्या कोकणातला. चौथऱ्यावर बादशहाच्या शेजारी रंभा नावाच्या नर्तकीची पण कबर आहे, खऱ्या कबरी खाली तळघरात.

वर जायला कोपऱ्यातल्या मनोऱ्यांतून जिना आहे, सात मजले. जिना अरुंद, पायऱ्या उंच आणि झिजलेल्या, एकमेकांना ओलांडताना भिंतीला चिकटावं लागतं. गुडघ्याचं दुखणं असणाऱ्यांनी खालीच बसावं, आमची आई खाली बागेत बसली आणि तिला काही वाईट वाटलं नाही. आत्या मात्र हट्टानं वर आली, दर मजल्याला "अजून किती रे" म्हणत. वर गॅलरीत आम्ही आणि एक म्हातारं जोडपं, बाकी कुणी नाही. आत्याला भिंतीला तोंड लावून बसवलं आणि मी गोल फिरून पलीकडं गेलो, कान भिंतीला लावला. तर शेजारी बसून बोलावं तसं स्पष्ट ऐकू आलं, "चहा कुठं मिळतोय बघ की आता." टाळी वाजवली तर ती पुन्हापुन्हा फिरून येते, मोजताना पोरांची भांडणं झाली. हे सगळं फक्त शांत असताना जमतं, म्हणून पहाट पहाट म्हणून ओरडायलोय. गॅलरीच्या बाहेर येऊन गच्चीवरून अख्खं गाव दिसतं ते पण बघून घ्या, काल काय बघितलं आणि आज कुठं जायचंय ते नकाशासारखं समजतं.

खाली नगारखान्यात म्युझियम आहे, शुक्रवारी बंद. शुक्रवार तसाही टाळा, कारण जामा मशीद दुपारच्या नमाजाला भरलेली असते. बाकी दिवशी घुमटावरून सरळ तिथंच जायचं. पहिल्या अली आदिलशहानं बांधलेली, विजयनगरविरुद्धची तालीकोटची लढाई 1565 ला जिंकली त्यानंतरची. आत फरशीवर एकेका माणसाच्या नमाजाची जागा काळ्या रेघांनी आखलीय, दोन हजारांच्या वर, आणि ती आखणी औरंगजेबाच्या काळातली. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, चप्पल बाहेर.

पुढं रिक्षा करा. भाव आधीच ठरवा, "चार ठिकाणं, थांबून, इतके" असं, आणि कन्नड येत नसेल तरी काही अडत नाही, दख्खनी हिंदी सगळ्यांना येते, जुन्या लोकांना मराठी पण कळते. टांगे अजून आहेत, पोरांना एक फेरी मारून आणा, सगळं गाव टांग्यानं बघायला जाऊ नका, दुपार होईल. आसार महाल, गगन महाल, बारा कमान हे सगळं मध्यभागी किल्ल्याच्या आसपास आहे, जवळजवळ. आसार महालात पैगंबरांचे केस जपून ठेवलेत असं मानतात, तिथं बायकांना आत सोडत नाहीत, बाहेरून लाकडी खांब आणि हौद बघायचा, आमच्या बायकोनं तिथं जे तोंड केलं ते लिहीत नाही. बारा कमान म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धी राहिलेली कबर, नुसत्या कमानी आभाळाखाली.

गगन महाल म्हणजे जुना दरबार, तिथं मात्र वेळ द्या. आता तिथं बाग आहे, लोक डबा खात बसतात, आणि समोर ती अवाढव्य मधली कमान. वरचा लाकडी मजला कधीच गेला. 1686 ला शेवटचा सिकंदर आदिलशहा औरंगजेबासमोर इथंच चांदीच्या बेड्यांत हजर झाला असं सांगतात. आपण लहानपणापासून विजापूरचा दरबार म्हणजे विडा उचलणारा अफझलखान एवढंच ऐकतो, शहाजीराजे याच दरबाराचे सरदार होते हे आठवतं कुणाला. जवळच पिंपळाखाली नरसोबाचं देऊळ आहे, दत्तभक्तांनी चुकवू नये.

मुलूख मैदान तोफ पश्चिमेच्या बुरुजावर. 1549 ची, अहमदनगरला ओतलेली, वजन 55 टनांच्या घरात. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि दातांत सापडलेला हत्ती, तो खाली वाकून नीट बघा, सहलीत आम्हाला कुणी दाखवलाच नव्हता. ऊन तापलेलं असताना पण हात लावला तर धातू गार लागतो. इंग्रजांच्या काळात भंगारात लिलाव होऊन दीडशे रुपयांना गेली होती आणि नंतर विक्री रद्द झाली म्हणे. शेजारीच उपली बुरूज, वर लांब तोफा, पायऱ्या बाहेरून गोल आणि धरायला नीट कठडा नाही, पोरांचा हात सोडू नका.

साठ कबर बघायची असेल तर गाडी आणि वाट माहीत असलेला रिक्षावाला दोन्ही पाहिजे. अफझलखानानं मोहिमेवर निघायच्या आधी आपल्या बायकांना मारलं अशी दंतकथा आहे, खरं-खोटं कोण सांगणार, खरं ओळीनं इतक्या कबरी बघून पोट ढवळतं. लहान पोरं असतील तर नको. आम्ही त्यांना गाडीत आत्याजवळ ठेवलं.

उन्हाळ्यात जाऊ नका, पारा चाळीसच्या वर असतो आणि दगड तापतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं. परत येताना बेदाणे घ्या, तिकोट्याकडं द्राक्षं भरपूर, शहरापेक्षा रस्त्याकडेच्या शेडमध्ये ताजे आणि स्वस्त, फक्त चाखून घ्या, गंधकाचा वास येत असेल तर पुढच्या शेडला जा.

आणि "येताना बदामी-पट्टदकल पण करूया की" असं गाडीत कुणीतरी म्हणणारच, त्याला गप्प करा. बदामी चालुक्यांची राजधानी, तिला वेगळा शनिवार-रविवार काढा, आणि तिथं डबा हातात घेऊन फिरू नका, माकडं पिशवीसकट नेतात.