एमजीबीचं हेड उघडलं त्याची गोष्ट

शनिवार, रात्री साडेदहा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतून, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतून, हेड आलं आज, फेसिंग होऊन. हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात, आणि फेसिंग म्हणजे मशीनवर त्याची खालची बाजू सपाट करणं. खालची बाजू अशी लख्ख झालीय की हात लावायला नको वाटतं. सगळं आत्ताच लिहून ठेवते, कारण माझ्यासारखं कुणी नवीन माणूस जुनं इंजिन उघडायला घाबरत असेल तर त्याला हे वाचायला द्यायचंय.

गाडी मामाची. १९६७ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दोन सीटची, वरून उघडी, तारांची चाकं. मामाच्या गुडघ्यांना आता तिच्यात बसणं-उठणं झेपत नाही म्हणून त्याने ती मला दिली आणि ती दांडिया बाजारात आमच्या वाड्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. चालायची, पण आयडलला थरथरायची आणि जरा चढ आला की बसायची. घरातले सगळे म्हणाले गॅरेजला टाक, पण मला ती माझ्या हातांनी ओळखून घ्यायची होती, नुसती चालवायची नव्हती.

पहिलं काम कॉम्प्रेशन बघणं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. इंजिन गरम करून चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा धरला आणि गेज लावून स्टार्टर मारला. १ आणि ४ नंबरला दीडशे पीएसआयच्या आसपास, २ आणि ३ ला जेमतेम साठ. एकच सिलिंडर पडला असता तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचा संशय, पण शेजारशेजारचे दोन एकदम आणि सारखेच पडले म्हणजे त्या दोघांमधली गॅस्केटची (हेड आणि खालच्या ब्लॉकमधल्या सीलची) पट्टी जळालीय, एकाची हवा दुसऱ्यात जातेय. चमचाभर ऑईल आत टाकून परत बघितलं, आकडा हलला नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक, त्या झिजल्या असत्या तर ऑईलने फट बुजून आकडा वाढला असता. इतकं साधं साधन आणि बंद लोखंडाच्या आतलं दिसतं, मला याचं फार अप्रूप वाटलं, अजूनही वाटतंय.

मग फतेहगंजच्या चाचांना बोलावलं. सत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर अँबेसडर टॅक्सीच केल्या त्यांनी. बॉनेट उघडलं तर बराच वेळ नुसते बघत राहिले आणि मग म्हणाले, "बेटा, आ तो अँबेसडरनो मोटो भाई छे." आणि खरंच आहे ते! दोन्ही इंजिनं बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सीरिजची, म्हणजे एकाच घराण्यातली. अँबेसडरमध्ये १९५९ पासून आलेलं १४८९ सीसीचं, एमजीबीत तेच वाढवून १७९८ सीसीचं, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि ९५ हॉर्सपॉवर. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७३ मिलिमीटरची ८० झालीय त्यामुळे अँबेसडरचं गॅस्केट याला बसत नाही, ते बाहेरून मागवलं, पण पुशरॉड आणि रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे आणि तरफा), हवा-धूर जायच्या पाच वाटांचं म्हणजे पाच पोर्टचं हेड, सगळी मांडणी तीच. आपल्याकडे गल्लोगल्ली लोकांनी हे इंजिन पन्नास वर्षं उघडलं-जोडलंय, ती माणसं अजून आहेत, त्यांना विचारा. मला मॅन्युअलमधून जे कळत नव्हतं ते चाचांनी नटावर बोट ठेवून दाखवलं.

उदाहरणार्थ हे, की रॉकरच्या ब्रॅकेटचे काही नट हेडच्याच स्टडवर बसतात, त्यामुळे घाईघाईने आधी फक्त रॉकर काढायला गेलं तर हेड एका बाजूने वाकू शकतं. आधी पाणी काढायचं, मग सगळे नट थोडे थोडे करून क्रमाने ढिले करायचे. पुशरॉड निघाले तसे पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबरवार खोचले, ज्याचा त्याला गेला पाहिजे.

आणि पाने इंची लागतात. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो पण नट १२.७ चा असतो, जोर लावला की कोपरे गोल होतात. इथे आजोबांची पेटी कामाला आली. आजोबा कलाभवनात शिकलेले, सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं ते, आणि त्यांनी हत्यारं कापडात गुंडाळून ठेवलेली. त्यातले अर्धे पाने व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे, ते इथे चालत नाहीत, पण ९/१६ इंचाची गोटी (सॉकेट) मिळाली, हेडचे नट तिनेच निघाले. आजोबा असते तर किती खूश झाले असते.

हेडला एक्झॉस्टच्या कडक सीट बसवून घेतल्या, सीट म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना ज्या कड्यावर टेकतो ती. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर बनलेली, शिसं सीटची झीज थांबवायचं, आणि आपल्याकडे २००० पासून ते पेट्रोल बंद. खर्च झाला पण हेड उतरलंच आहे तर आत्ताच करावं असं माझं ठाम मत. पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर खराब होतं म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलणार आहे.

आज दुपारभर व्हॉल्व्ह घासत बसले. सीटवर पेस्टचे बारीक ठिपके द्यायचे, व्हॉल्व्हला रबरी कपवाली काठी चिकटवायची आणि दोन तळहातांत काठी पुढे-मागे फिरवायची, मधूनमधून उचलून थोडं वळवून परत. सुरुवातीला खरखर आवाज येतो, तो हळूहळू बारीक होतो आणि शेवटी जवळपास नाहीसाच होतो, तेव्हा पुसून बघायचं. काठावर सगळीकडे सारख्या रुंदीची राखाडी पट्टी दिसली पाहिजे, कुठे तुटलेली नको. ३ नंबरच्या एक्झॉस्टला ती अखंड यायला बराच वेळ लागला, पण आली तेव्हा मी आईला बोलावून दाखवली! पेस्टचा कण न् कण धुवून काढला, मग व्हॉल्व्ह गळतात का ते बघायला प्लग लावून हेडच्या चेंबरमध्ये रॉकेल ओतून ठेवलं, पोर्ट कोरडे आहेत, म्हणजे गळत नाहीत.

उद्या दहाला चाचा येणार. ब्लॉकचा वरचा भाग साफ आहे, गॅस्केट तयार आहे. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला आवळत न्यायचे, टप्प्याटप्प्याने ५० पाउंड-फुटांपर्यंत, माझ्या टॉर्क रिंचवर साधारण ६८ न्यूटन मीटर. टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, आधी अंदाजे, मग इंजिन गरम करून १५ थाऊला (इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात), आणि त्याला नऊचा हिशेब, दोन नंबरांची बेरीज नऊ, म्हणजे ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना १ चा सेट करायचा, ६ चा दाबलेला असताना ३ चा. थोडी चालली की नट परत तपासायचे.

मामाचा आत्ताच फोन येऊन गेला. एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे त्याच्या वरच्या नळकांड्यात, ऑईल घाल म्हणाला, ते नसलं तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते. तेही यादीत लिहिलंय.