पांढऱ्या भुकटीतलं शिखर आणि अडकलेली फाईल

एमएस्सीच्या प्रकल्पात मी कोहेरंट बॅकस्कॅटरिंग मोजलं, म्हणजे पांढऱ्या भुकटीतून नेमका आल्या दिशेला परतणारा जास्तीचा उजेड. लेसर, आरसे, कॅमेरा आठवड्याभरात बसले. पुढचे साडेतीन महिने एका फायलीने खाल्ले आणि तो राग अजून गेलेला नाही.

भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ती टिटॅनियम डायऑक्साइडची भुकटी घ्या. तिच्यावर लेसर टाकला की प्रकाश आत कणाकणावर आपटत भटकतो. पण ज्या वाटेने एक लाट जाते, तीच वाट दुसरी उलट्या बाजूने चालते. आल्या दिशेला परतताना दोघींचं अंतर तंतोतंत सारखं भरतं, त्या एकमेकींत मिसळून जोर धरतात आणि नेमका मागे उजेड जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे तिथे उजेडाचं शिखर दिसतं. १९८५ मध्ये ॲमस्टरडॅम आणि ग्रेनोबलच्या दोन गटांनी हे वेगवेगळं दाखवून दिलं.

माझ्या पडद्यावर मात्र नुसते ठिपके, म्हणजे स्पेकल. नमुना स्थिर असेल तर ठिपक्यांचा चढउतार शिखराएवढाच असतो, शिखर दिसणार कसं? नमुना फिरवून १०० वेगवेगळ्या चित्रांची सरासरी घेतली की तो चढउतार दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे हवी होती फक्त एक छोटी मोटर.

मागणीपत्र परत आलं: तीन कोटेशन जोडा. जोडली. मग सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर वस्तू मिळत नसल्याचा अहवाल हवा. तोही दिला, तोवर मार्चअखेर, खरेदी बंद. एप्रिलमध्ये शेरा आला, ‘नमुना फिरवण्याची आवश्यकता स्पष्ट करावी.’ आकृत्या काढून दोन पानं लिहिली. दर सोमवारी खिडकीपाशी जायचे, ‘साहेब रजेवर आहेत’ ऐकून परत यायचे आणि तेच ठिपके बघत बसायचे. माझी तारीख जवळ येत होती, हे तिथे कुणाच्याच हिशेबात नव्हतं.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरून माझ्या पैशांनी मोटर आणली, तिच्यावर भुकटीची चकती चिकटवली. त्याच संध्याकाळी शिखर दिसलं, सुमारे दोन अंश रुंद! त्यावरून हिशेब केला: दर दोनेक मायक्रॉनवर प्रकाश आपली मूळ दिशा विसरतो. मी डोळे भरून बघत राहिले.

भुकटीऐवजी दूध वापरा, त्यातले कण आपोआप हलतात, असं कुणी सांगेल. दुधात प्रकाशाला दिशा विसरायला फार लांब जावं लागतं, म्हणून शिखर केसासारखं बारीक होतं. आणि हो, बीमस्प्लिटरमधून, म्हणजे प्रकाश दोन वाटांना फोडणाऱ्या काचेतून, सरळ निघून जाणारा प्रकाश आधी अडवा, नाहीतर त्याचं परावर्तन मधोमध पडून खोटं शिखर दिसतं. वर्तुळाकार ध्रुवीकरणही वापरा, म्हणजे ज्याचं कंपन गोल फिरत जातं असा प्रकाश. एकदाच आपटून परतणारा प्रकाश त्याने गाळला जातो. शिखराच्या आणि आजूबाजूच्या उजेडाचं माझं गुणोत्तर १.७ वरून १.९ वर गेलं ते त्यामुळेच.