ऑर्फन, ऑफ्टन आणि अडलेलं पान

सुटलं एकदाचं! मागच्या नोंदीत ज्या पानापुढे हात टेकले होते, ते ‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या गिल्बर्ट आणि सलिव्हनच्या विनोदी इंग्रजी संगीत नाटकातलं ऑर्फन-ऑफ्टनचं पान परवा पहाटे सोलापूरच्या कंबर तलावाला फेऱ्या मारताना उलगडलं. एकटाच खो खो हसायला लागलो. समोरून येणारे दोन आजोबा वाट सोडून बाजूला झाले.

प्रसंग असा. चाचे मेजर-जनरलच्या मुलींशी लग्नं लावायला निघालेत. तो काकुळतीनं विचारतो, ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथ, असणं काय असतं, ते कधी अनुभवलंय का? चाच्यांचा राजा म्हणतो, ‘ऑफ्टन!’, म्हणजे पुष्कळदा. जनरलला वाटतं, हा माझाच शब्द मला परत देतोय. पुढे दोघांचा पानभर संशयकल्लोळ. ध्वनिमुद्रणात प्रेक्षक हसून बेजार, आणि मी तीन आठवडे कोरडा ठणठणीत. आपल्या तोंडी ऑर्फनचा र खणखणीत, ऑफ्टनचा ट त्याहून खणखणीत. शाळेत ट गिळला असता तर छडी बसली असती. मग घोळ होणार कसा?

आधी शब्दकोश काढला. ब्रिटिश बोलण्यात व्यंजनाआधीचा र गळतो, ऑफ्टनमधला ट सुद्धा पुष्कळदा गळतो. म्हणजे दोन्ही ‘ऑफन’, असं म्हणून वही मिटली. दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं तर एकात ऑ आखूड, दुसऱ्यात लांब! पुन्हा मूळपदावर. शेवटी कळलं की गिल्बर्टच्या काळातले उच्चभ्रू इंग्रज ऑफ्टनमधला ऑ सुद्धा लांबवायचे. दोन्ही ‘ऑऽफन’. विनोद १८७९च्या कानांसाठी लिहिलेला, आजचा शब्दकोश त्याला काय करणार? (पहिला मोठा प्रयोग ३१ डिसेंबर १८७९चा, न्यूयॉर्कमधला. आपल्या किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ त्यानंतर दहाच महिन्यांनी पुण्यात. हा योगायोग मला उगाचच आवडतो.)

मधले काही दिवस इअरफोनने खाल्ले, तेही सांगून टाकतो. नवी पेठेतून घेतलेली ती शंभराची जोडी फ आणि स एकाच भावात विकते. आणि पूर्व भागात राहणाऱ्याला इअरफोनशिवाय गत्यंतर नाही, खालच्या मजल्यावर माग चालू असतात. यूट्यूबचा वेग ०.७५वर आणायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. शब्द कळतात, पण विनोद पेंगतो.

तर परवा पहाटे कळलं ते उच्चाराच्या खालचं. जनरल खुलासा मागतो, तुम्ही ‘ऑफ्टन’ म्हणालात, म्हणजे ‘फ्रीक्वेंटली’? राजा म्हणतो, नाही, एकदाच म्हणालो! फ्रीक्वेंटली हा शब्दाचा अर्थ, की म्हणण्याची संख्या? क्रियाविशेषण कुणाला चिकटलंय, ते कानाला कळत नाही, कारण अवतरणचिन्हं ऐकू येत नाहीत. मराठीत आपण ‘वारंवार असं म्हणालात’ म्हणतो आणि मोकळे होतो. तो ‘असं’ गाठ बांधायच्या आधीच सोडवतो. वहीत नेव्हरपासून ऑलवेजपर्यंत रंगीत तक्ता काढला होता, त्यात ही जागाच नव्हती. तक्ता फाडला.

एक छोटा विजय आणखी. नाटकाच्या नायकाची दाई ‘पायलट’ऐवजी ‘पायरेट’ ऐकते आणि पोराला चाच्यांकडे उमेदवारीला लावते. मी आपला विमान उडवणारा पायलट धरून बसलो होतो, तेव्हा विमानं कुठली? हा पायलट जहाजाला बंदराची वाट दाखवणारा. मेजर-जनरलच्या गाण्याचं दुसरं कडवं आता एका दमात जातं. ओळीत १६ अक्षरं, आणि खालच्या मागाच्या ठेक्यावर ती अशी बसतात की विचारू नका. त्याच गाण्यातला हायपोटेन्यूज (त्रिकोणाचा कर्ण) हा शब्द सोलापुरात मी कुणाला ऐकवणार, ते वेगळं.

पुढे याच जोडीचं ‘मिकाडो’ घ्यायचं ठरलं होतं. पण हे टाइप करता करता मुलगी मागून डोकावली आणि म्हणाली, “बाबा, मराठीत ‘पोरका’ घ्या की!” पोरका, पोर का? जनरल म्हणणार, “मी पोरका!” राजा म्हणणार, “पोर का? पोरी म्हणा, घरभर आहेत!” मिकाडो राहू दे. आधी हे पान मराठीत उतरवतो, गणपतीत सोसायटीपुढे करू. राजा मी, जनरल शेजारचे अण्णा. त्यांची मातृभाषा तेलुगू, पण मराठी माझ्याहून ठसक्यात.

पहिल्या सहा ओळी काल रात्री झाल्या. सातवीत ‘वारंवार’ आला आणि तो मेला ‘असं’ पुन्हा आडवा आला. ‘असं’ न वापरता हे वाक्य कुणाला जमतंय का बघा.