हिरामचं सोर शोधताना : सैदा, सरफंद, सूर

लेबनॉनची राजधानी बैरूतच्या कोला चौकात ‘सोर’ किंवा ‘सीदोन’ची गाडी विचारलीत तर कुणाला कळणार नाही. मराठी बायबलातलं सोर, राजा हिरामचं शहर, म्हणजे आजचं सूर, सीदोन म्हणजे सैदा आणि सारफथ म्हणजे सरफंद. तिन्ही गावं दक्षिणेच्या किनारी रस्त्यावर एका ओळीत आहेत. सैदा बैरूतपासून साधारण ४० किलोमीटर, सूर ८०. कोलाहून मिनीबस भरली की सुटते. भाडं रोख द्यायचं, म्हणून डॉलरच्या लहान नोटा जवळ असू द्या.

पासपोर्टवर इस्रायलला गेल्याची खूण असेल तर लेबनॉनमध्ये प्रवेश मिळत नाही. इस्रायल हल्ली शिक्का मारत नाही, पण इस्रायलला लागून असलेल्या जॉर्डनच्या सीमाचौकीचा शिक्काही पुरेसा बोलका असतो. त्यामुळे जेरुसलेम करायचं असेल तर ते या सहलीनंतर. २०२४च्या युद्धात खुद्द सूरवर बॉम्ब पडले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी भारतीय दूतावासाची सूचना बघूनच ठरवा.

सुरुवात बैरूतच्या राष्ट्रीय संग्रहालयापासून करावी (सोमवारी बंद). तिथल्या अहिरामच्या शवपेटीवर फिनिशियन, म्हणजे या किनाऱ्यावरच्या प्राचीन दर्यावर्दी लोकांच्या लिपीतला लेख आहे. हा अहिराम गबालचा, म्हणजे आजच्या जुबैलचा राजा. इस्रायलचा राजा शलमोन याचा मित्र हिराम सोरचा. नावं सारखी वाटतात आणि हमखास घोळ होतो.

सैद्यात बहुतेक जण समुद्रातला किल्ला बघून पुढे जातात. तो धर्मयुद्धांच्या काळातला, म्हणजे बायबलच्या खूप नंतरचा, आपल्या कामाचा नाही. त्याऐवजी टॅक्सी करून अवाली नदीकाठचं एश्मून या सीदोनी देवाचं मंदिर गाठा. ते शहराबाहेर ईशान्येला तीनेक किलोमीटरवर आहे. इथल्या चौथऱ्याचे भलेमोठे दगड इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या सीदोनी राजांनी रचलेले. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांनी जेरुसलेमच्या दुसऱ्या मंदिरासाठी सीदोनी आणि सोरी लोकांकडून गंधसरूची लाकडं याफो बंदरात मागवली (एज्रा ३:७), ती साधारण याच काळात. शास्त्रातल्या फिनिशियन माणसांच्या हातचं काम उघड्यावर बघायला याहून चांगली जागा या रस्त्यावर नाही.

सरफंदला बायबलातला संदेष्टा एलीया एका विधवेच्या घरी राहिला. कोकणातले बेने इस्रायली ज्यू ज्याच्या नावाने मलिदा करतात तोच हा एलियाहू हनाबी. १९६९ ते १९७४च्या उत्खननात इथे कुंभारांच्या भट्ट्या सापडल्या. बघण्यासारखं मात्र थोडंच उरलंय, अर्धा तास पुरे. गंमत अशी की एलीयाच्या जिवावर उठलेली इस्रायलची राणी ईजबेल सीदोनी राजाची मुलगी, आणि तिच्यापासून जीव वाचवायचा तो संदेष्टा आसऱ्याला आला तो सीदोनच्याच मुलखात.

सूरमध्ये निराशा टाळायची असेल तर एक गोष्ट आधीच मनाशी धरा : अल-बास आणि अल-मीना या दोन्ही उत्खननस्थळांवर दिसणारे खांब, कमान आणि रथशर्यतीचं मैदान रोमन आणि त्यानंतरचं आहे. हिरामचं शहर त्याखाली गाडलेलं. ते मुळात बेट होतं. धान्य पिकवायला जमीन अपुरी, म्हणून तर शलमोनाकडून दरसाल २०,००० कोर (धान्याचं जुनं माप) गहू घेऊन बदल्यात लाकूड आणि कारागीर देण्याचा सौदा ठरला (१ राजे ५). पुढे मिळालेली गालीलातली २० गावं हिरामला पसंत पडली नाहीत. बहुतेक गालील आज सीमेपलीकडे, इस्रायलमध्ये आहे.

इ. स. पू. ३३२मध्ये सिकंदराने सात महिने वेढा घालून समुद्रात भराव टाकला. त्याच्या दोन्ही बाजूंना वाळू साचत गेली आणि बेट जमिनीला जोडलं गेलं. अल-बासहून अल-मीनाकडे चालत गेलात की आपण याच भरावावरून जातो; वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दोन्हीकडे सावली जवळजवळ नाही. एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा, पाणी सोबत हवंच.

शेवटचा तास उत्तरेच्या मासेमारी बंदरासाठी राखून ठेवा. प्राचीन ‘सीदोनी बंदर’ इथेच होतं. बायबलातल्या यहेज्केलच्या पुस्तकाचा २७वा अध्याय, सोरला जहाज कल्पून त्याच्या फळ्या, डोलकाठी आणि वल्ही मोजणारा, इथे धक्क्यावर बसून वाचावा. बैरूतच्या व्हॅन अंधार पडल्यावर विरळ होतात, तेव्हा उजेड असतानाच उठा.