जेस्टर रेस: दुसऱ्या गिटारची ओळ

एप्रिलअखेर

इन फ्लेम्स या स्वीडिश मेटल बँडचा 'द जेस्टर रेस' (१९९६) हा अल्बम पूर्ण वाजवायचा, दोन्ही गिटारींसकट, हे ठरलं. गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमधला हा अल्बम. आदल्या वर्षीचे 'स्लॉटर ऑफ द सोल' (अॅट द गेट्स) आणि 'द गॅलरी' (डार्क ट्रँक्विलिटी) तिथलेच. तिघांत माझं मन याच्यावर, कारण यात चाल आधी येते, मार नंतर. (ड्रमवर ब्योर्न गेलोट आहे, पुढे त्याच बँडचा गिटारवाला झालेला. तरीच ड्रम रिफला, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याला, इतके चिकटून.)

ट्यूनिंग सी स्टँडर्ड: सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, जी, सी. नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा चार अर्धस्वर खाली गेलं की त्याच तारांचा ताण ३७ टक्क्यांच्या आसपास उतरतो, मग १०-४६ जाडीच्या तारांचा सेट नुसता लोंबतो. ११-५४ मागवला. कुरिअर दारव्ह्यापर्यंतच येतं. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाची पट्टी) खाचेत अडकत होती, बारीक कानसने खाच थोडी रुंद केली, मानेतला ट्रस रॉड सावरला, इंटोनेशन (वरच्या पट्ट्यांवरही सूर नीट लागतो का ते) बघितलं. झालं.

मे

डिस्टॉर्शन (आवाजाचा खरखरीतपणा) वाढवलं की घूं सुरू. पिकअपवर, म्हणजे तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकावर, शंका होती, पण लॅपटॉपचा चार्जर काढला की आवाज बंद. म्हणजे दोष अर्थिंगचा. आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल इतकी भेगाळते, ओल उरत नाही, मग अर्थिंगच्या पट्टीला माती धरतच नाही. वायरमनने खड्ड्यात मीठ-कोळसा भरला, आता रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी टाकतो. आवाज पुष्कळ कमी झाला. शेतीपंपांची लाईन आली की व्होल्टेज पडतं, त्यावर इलाज नाही. तेव्हा बॅटरीवर रेकॉर्डिंग.

उजवा हात: १६० च्या मेट्रोनोमवर सोळाव्या मात्रा (ठोक्याला चार) सलग निघतात, कोपर न आवळता. यातल्या 'ग्रेव्हलँड' गाण्याला अजून हात लावत नाही.

मृग लागल्यावर

आता खरं काम. मुख्य चाल सगळेच बसवतात, व्हिडिओही तिचेच टाकतात. माझ्या मते हा अल्बम दुसऱ्या गिटारीत आहे. ती ओळ एकटी ऐकली तर अर्धवट वाटते, आणि पहिलीच्या बाजूला ठेवली की अंगावर काटा येतो.

ती बसवायला भजनी मंडळाची पेटी कामी आली. मोकळी सहावी तार सी, म्हणजे पेटीची पांढरी एक. तिला सा धरला की मायनर स्केल म्हणजे सरळ आसावरी थाट. हार्मनी, म्हणजे दुसरी ओळ, अशी लिहून काढली: सा वर कोमल ग, रे वर म, कोमल ग वर प, म वर कोमल ध, प वर कोमल नी. कानाला सगळ्या उड्या सारख्या, पण पट्ट्या मोजल्या तर कुठे तीन, कुठे चार. तोच आकार बोटांनी सरकवत नेला तर चौथ्या पट्टीच्या जागी सूर बोचतो. सरगम तोंडपाठ असली की बोटं आपोआप वळतात.

पेटीवाले काका माझी चाल वाजवत होते, मी वर दुसरी ओळ धरली. दोनदा थांबले. "काबे, तू येगळंच वाजवून राह्यला, अन् मेळ कसा बसून राह्यला?" म्हटलं, काका, तुम्ही तुमचंच वाजवा. तिसऱ्या खेपेला त्यांनीच डोळे मिटून वरचा सूर दाबून पाहिला. "हे भजनात चालत नाही बाप्पा," म्हणाले, आणि पुन्हा दाबला.

सध्या 'द जेस्टर्स डान्स'च्या दोन्ही ओळी रेकॉर्ड आहेत, डावी-उजवीकडे टाकून. त्यात गायन नाही, त्यामुळे चूक लपायला जागाही नाही. उतरत्या जागेत माझी दुसरी गिटार किंचित पुढे पळते, ती परत घ्यायची आहे. 'मूनशील्ड'ची अकूस्टिक सुरुवात त्यानंतर. 'डिसेंबर फ्लॉवर'चा सोलो पेरणी आटोपल्यावर पाहू, तोवर बोटांना कामंच दुसरी आहेत.