नवतप्यात अजगराला ऊन लागलं तेव्हा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते तापते नऊ दिवस, लागला की माझ्या फोनवर तेच ते चालू असतं, म्हैस धापा टाकते, शेळी पडली, खुराड्यातल्या कोंबड्या गेल्या. पांढरकवड्याकडच्या गावांमधे जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरतो मी. साप म्हणाल तर सर्पमित्र आणून देतात ते, जाळ्यात अडकलेली धामण नाहीतर थ्रेशरमधे कापला गेलेला अजगर. त्यामुळे भर दुपारी एक पोरगा फोनवर म्हणाला "सर माझ्या पायथनला ऊन लागलं" तेव्हा मी आधी थेट विचारलं, की बाबू पायथन तुझा कसा, आपल्याकडचा अजगर घरात ठेवला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आत जाशील. तो म्हणे नाही सर, बॉल पायथन आहे, आफ्रिकेतला, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेली आहे. पुण्यात आयटीत होता, वर्क फ्रॉम होम घेऊन आजीकडे आला आणि सोबत सापही आणला.

गेलो. वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली, सकाळपासून लाईन (वीज) नाही, कूलर बंद. काचेचा टँक, वर जाळीचं झाकण आणि त्या जाळीवर प्लास्टिक ताणून चिकटवलेलं. माझ्याकडे कोरोनाच्या वेळची टेम्परेचर गन आहे (ती सरफेस मोडवर टाकावी लागते, अंगाच्या मोडवर ठेवली तर आकडे भलतेच देते), ती मारली तर टँकमधली जमीन ४१ आणि सापाची पाठ ३९. पाण्याच्या भांड्याशी पडलेला, तोंड उघडं, उलटा केला तर सुलटा होईना. साप सुलटा होत नाही म्हणजे केस सिरीयस.

पोरगा रडकुंडीला आलेला. "सर मी थर्मोस्टॅट ३२ ला लावलाय, बघा ना." आता इथंच सगळी गंमत आहे. थर्मोस्टॅट काय करतो तर ३२ झाले की टँकखालची हीट मॅट, म्हणजे गरम करायची विजेची चटई, बंद करतो, बस. खोलीच ४० च्या वर गेली तर त्या बिचाऱ्याच्या हातात काय आहे? हा ज्यावर शिकला ते सगळे व्हिडिओ थंड देशातल्या लोकांनी केलेले, त्यांची अख्खी चिंता साप गरम कसा ठेवायचा ही. आकडे त्यांचे बरोबरच आहेत हो, गरम बाजू ३१ ते ३३, थंड बाजू २५ ते २७, ह्युमिडिटी ६० च्या आसपास, कात टाकताना थोडी जास्त. पण तिकडे गरम बाजू बनवावी लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात थंड बाजू बनवावी लागते, आणि ती बनवायचं यंत्र टँकच्या किटमधे नसतं.

प्लास्टिक का लावलं तर मीटरवर ह्युमिडिटी १५ दाखवत होती म्हणून. कोरड्या हवेनं कातही तुकड्या-तुकड्यात निघालेली, दोन्ही डोळ्यांवर जुनी कात तशीच. म्हणून यानं जाळी बंद केली आणि आत स्प्रे मारत राहिला. सापाला घाम येत नाही, तोंड उघडून थोडीफार वाफ सोडतो तीही त्या दमट कोंडलेल्या हवेत सुटेना.

साप उचलला आणि खाली आजीच्या माजघरात नेला, मातीच्या जाड भिंती, तिथं ३२ च होते. पोरगा शेजारच्या दुकानातून बर्फ आणायला निघाला त्याला थांबवलं, बर्फानं एकदम झटका बसतो. वरच्या टाकीचं पाणी तर हात भाजेल असं, मग माठातलं आणि ते मिसळून २८ चं केलं आणि घमेल्यात अंग बुडेल एवढंच घेतलं, डोकं माझ्या हातावर. आजी बाजूला बसून सगळं पाहत होती.

"डाक्टर, कांदा किसून तयपायाले चोया ना याच्या."

"आजी, याला पाय कुठं आहेत."

"हाव नं वो," म्हणे, आणि स्वतःच हसायला लागली. "सापाले कूलर पायजे, आन मी इथं पदरानं वारा घेते."

वाण्याच्या काट्यावर तोलला, किलोला थोडा कमी. त्या हिशोबानं कातडीखाली सलाईन दिलं आणि वाट पाहिली. तासाभरानं जीभ बाहेर आली, मग आणखी थोड्या वेळानं उलटा केला तर हळूहळू वळून सुलटा झाला. पोरगा डोळ्यांवरची कात चिमट्यानं काढू का विचारत होता, त्याला हात जोडले. ओढली तर डोळा जातो. दमट जागा दिली की पुढच्या कातेसोबत निघते बहुतेक वेळा.

आता टँकचं काय. कूलर लावून चालत नाही कारण लाईनचा भरवसा नाही, आणि झाकण बंद केलं की भट्टी. हा साप आफ्रिकेत राहतो कुठं तर उंदरांच्या बिळात, वारुळात. बाहेर कितीही तापो, बिळात गार आणि ओलसर. मी आजीला विचारलं, झिरपणारा जुना माठ आहे का. होता, अंगणात पालथा पडलेला. त्याचं तोंड फोडून मोठं केलं, कडा घासल्या, टँकच्या एका कोपऱ्यात ओल्या वाळूत आडवा बसवला, आत ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. टँक माजघरात जमिनीवर, प्लास्टिक काढून फेकलं, हीट मॅटची पिन काढली. आपल्याकडची मे मधली हवा इतकी कोरडी असते की ओल्या मडक्याचं पाणी भराभर उडतं आणि मडकं गार पडतं, शिवाय लाईन लागत नाही. संध्याकाळी गन मारली तर माठाच्या आत २७, बाहेर टँकमधे ३३. साप आत शिरून वेटोळं करून बसला.

एक काम पोराला लावून दिलं, त्या चिकटवायच्या गोल मीटरवर विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ थोडं ओलं करायचं, लगदा होईल इतकंच, आणि मीटरसोबत घट्ट डब्यात ठेवायचं. काही तासांनी आतली हवा ७५ टक्क्यांवर येते. त्याच्या मीटरनं ६३ दाखवलं, म्हणजे मीटरच बारानं चुकत होतं. आणि मीटर काचेवर वर नाही, साप बसतो तिथं खाली ठेवायचं.

डोळ्यांवरची कात पुढच्या वेळी निघाली, फोटो पाठवला त्यानं. मग श्रावणात परत फोन, सर पोटाखालचे खवले लाल दिसताहेत, ह्युमिडिटी ८८. माठ अजून ओला ठेवत होता पठ्ठ्या. म्हटलं माठ बाहेर काढ, कोकोपीट काढ, कोरडा पेपर टाक, जाळी उघडी ठेव आणि खवल्यांचे फोटो रोज पाठव, फोड दिसले तर घेऊन ये.

"आणि सर हीट मॅट?"

"दिवाळीनंतर. रात्री पारा पडला की लाव, आणि तेव्हा थर्मोस्टॅट ३२ लाच ठेव."